सप्तशृंगगड : कड्याखाली नांदणारे गाव

सातपूर (प्रतिनिधी) : चैत्र लागला की सातपूरच्या कामगार वसाहतींत, विशेषतः खानदेशातून येऊन स्थायिक झालेल्या घरांत, गडावर जाण्याची बोलणी सुरू होतात. बोलीभाषेत या देवतेला सर्रास 'वणीची देवी' म्हटले जाते. वस्तुतः वणी हे दिंडोरी तालुक्यातील निराळे गाव असून, सप्तशृंगगड कळवण तालुक्यात, नांदुरीच्या माथ्यावर आहे. नाशिकपासूनचे अंतर सुमारे ६० किलोमीटर.

महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी हे अर्धे पीठ. येथे केवळ मंदिर आहे, असा अनेकांचा समज असतो; पण डोंगराच्या पठारावर स्वतंत्र ग्रामपंचायत असलेले नांदते गाव आहे. गावाच्या डोक्यावर उभा कातळकडा असून, त्याच्याच अंगात सुमारे आठ फूट उंचीची अठराभुजा मूर्ती आहे. मूर्तीची मान किंचित कललेली दिसते. समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी करीत असलेले पठण देवी ऐकते आहे, अशी श्रद्धा त्यामागे आहे. शेंदराच्या थरांखाली झाकलेले मूर्तीचे मूळ रूप २०२२ मधील संवर्धनकार्यात पुन्हा प्रकट झाले. त्या कामासाठी मंदिर सुमारे दोन महिने बंद होते.

मंदिराच्या पायऱ्या सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई यांनी १७१० मध्ये बांधल्याची नोंद आहे. खालून गडावर येणाऱ्या जुन्या पाऊलवाटेला 'रडतोंडी' म्हणतात. हे नाव कसे पडले असेल, ते चढणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.

गडाच्या परंपरांत सर्वाधिक विलक्षण आहे ती कीर्तिध्वजाची. कड्याच्या माथ्यावर जाण्यास रूढ अशी वाट नाही. तरीही वर्षातून दोनदा, चैत्रोत्सवात आणि नवरात्रात, दरेगावच्या गवळी घराण्यातील मानकरी रात्रीच्या अंधारात एकटा वर चढतो आणि शिखरावर भगवा ध्वज फडकवतो. पिढ्यान् पिढ्या हा मान त्याच घराण्याकडे आहे. पहाटे ध्वज दिसला की पठारावर थांबलेला समुदाय हात जोडतो. यात्रेचे सारे वैभव एकीकडे आणि हे काही क्षण एकीकडे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

रामनवमी ते चैत्र पौर्णिमा या उत्सवावर खानदेशाचा हक्क मानला जातो, कारण खानदेश हे देवीचे माहेर. धुळे, जळगाव, नंदुरबारकडील भाविक भर उन्हात पायी येतात. कोजागरीला निरनिराळ्या नद्यांचे पाणी घेऊन कावडधारी दाखल होतात. त्याच रात्री गडावर भरणारा तृतीयपंथीयांचा मेळा हे या क्षेत्राचे आणखी एक वैशिष्ट्य. ज्यांना इतरत्र दारात उभे केले जात नाही, त्यांना येथे मानाने सामावून घेतले जाते.

गावाचा चरितार्थ याच उत्सवांवर चालतो. नारळ, कुंकू, खण, पेढे यांची दुकाने आणि यात्रेकरूंना उतरण्याच्या खोल्या, हीच येथील शेती म्हणावी. २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाल्यापासून पायऱ्यांवरील वर्दळ विभागली गेली. वृद्ध आणि अपंगांची मोठी सोय झाली, हे निर्विवाद. मात्र दर्शन काही मिनिटांत आटोपून त्याच पावली परतणारा भाविक शिवालय तीर्थ, सूर्यकुंड वा शीतकडा पाहत नाही. गावही त्याच्या लेखी वाहनतळापुरतेच उरते.

घाटाचा प्रश्न याहून गंभीर आहे. जानेवारी २००८ मध्ये भाविकांची बस दरीत कोसळून चाळीसच्या आसपास बळी गेले. जुलै २०२३ मध्ये एसटी बस घसरून एका महिलेचा मृत्यू झाला. पावसाळ्यात दरडींची भीती असते ती वेगळीच. मोठ्या यात्रांच्या काळात खासगी वाहने नांदुरीलाच थांबवून एसटीने भाविकांना वर नेले जाते. ही व्यवस्था गर्दीच्या इतर दिवसांतही लागू करावयास हरकत नाही.

सातपूरहून दिंडोरी, वणीमार्गे नांदुरी गाठता येते. नाशिकहून गडासाठी एसटी बसगाड्याही आहेत. सवड असल्यास यात्रेचा काळ टाळून एक रात्र गडावर मुक्काम करावा. सायंकाळी समोरच्या मार्कंडेय डोंगरावर धुके उतरू लागते, दुकानांच्या फळ्या एकेक करून लागतात आणि गाव आपल्या घरच्या कामांकडे वळते.