पाटणचा पटोळा : आख्यायिका आणि आकृतिबंध

पाटणच्या पटोळ्याविषयी सांगितली जाणारी आख्यायिका मराठी अभ्यासकाला जवळची वाटावी अशी आहे. जालन्याचा राजा पटोळे आधी अंथरूण म्हणून वापरतो आणि मगच विकतो, असे कळल्यावर १२व्या शतकातील चौलुक्य नृपती कुमारपाल याने पूजेच्या सोवळ्या वस्त्रासाठी साळवी विणकरांची ७०० कुटुंबे जालन्याहून पाटणला आणवली, असे परंपरा सांगते. इतिहासाचे साधन म्हणून अशा मौखिक परंपरेचा उपयोग जपूनच करावा लागतो. तिचा सारा रोख शुचितेवर आणि राजावर आहे. वस्त्रावरील आकृतिबंध मात्र निराळीच साक्ष देतात.

बांधणीत विणून झालेले कापड बांधून रंगवतात. पटोळ्यात ताणा आणि बाणा या दोहोंचे रेशीम विणण्यापूर्वीच मोजून, ठिकठिकाणी बांधून रंगवले जाते. प्रत्येक नव्या रंगासाठी गाठी सोडून पुन्हा बांधाव्या लागतात. मागावर दोघे बसतात, आणि थोडे विणून झाले की सुईने धागे सरकवून आकृती जुळवतात. एका साडीला चार-सहा महिने लागतात. येथे ऐनवेळी सुचलेल्या नक्षीला वाव नाही. भात, म्हणजे नक्षी, आधी ठरते. आणि ती ठरवताना ग्राहक डोळ्यांपुढे असतोच. (मराठी वाचकाला या गुजराती शब्दाने क्षणभर पानावरचा भात आठवला तर नवल नाही.)

हे ग्राहक कोण होते? ‘वोहरागजी’ या भातीच्या नावातच वोहरा मुस्लिम समाज आहे. त्यांच्या विवाहप्रसंगी ती वापरली जाई. मोठ्या हत्तींचे पटोळे तर समुद्रापारच्या मागणीसाठी विणले जात. १७व्या-१८व्या शतकांत डच ईस्ट इंडिया कंपनीने मसाल्यांच्या व्यापारात इंडोनेशियन बेटांवर पटोळे नेले, तेथील सत्ताधीशांना भेट दिले. लेम्बाटा बेटावरील कुळांनी ते वारसावस्त्र म्हणून जपले. टोपलीच्या आकाराची ‘छाबडीभात’ जावातील पेकालोंगानच्या बाटिकमध्ये ‘जलामप्रांग’ या नावाने उतरली. विणीचे तंत्र तिच्याबरोबर गेले नाही, आकृती तेवढी गेली. अनुवादाच्या अभ्यासकांनी हे उदाहरण अवश्य पाहावे.

आख्यायिकेत या खरेदीदारांना स्थान नाही. विणकरांचे स्थलांतर राजाच्या सोवळ्याने समजावले गेले. पण पुढच्या शतकांत माग चालते ठेवण्यात परधर्मीय आणि परदेशी ग्राहकांचा वाटा मोठा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास इंडोनेशियाकडील निर्यात खुंटली. आज पाटणमध्ये मोजकीच साळवी कुटुंबे हे काम करतात.