हार्ट फेल्युअर : एका नावाखालचे निरनिराळे रुग्ण

‘हार्ट फेल्युअर’ म्हटले की हृदय बंद पडले, असा समज होतो. प्रत्यक्षात हृदय चालूच असते. मात्र शरीराच्या गरजेइतके रक्त ते पुढे ढकलू शकत नाही, किंवा आतील दाब वाढल्याखेरीज ते पुरेसे भरत नाही. फुप्फुसांत पाणी साचते, पाय सुजतात, उताणे झोपल्यास दम लागतो. तुयेच्या सरकारी इस्पितळात अशा तक्रारी घेऊन आलेले दोन रुग्ण वरकरणी सारखे दिसले, तरी त्यांचा आजार एकच असेल असे नाही.

पहिली विभागणी इकोकार्डिओग्राफीने होते. डाव्या कप्प्यातील किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडते, ते प्रमाण म्हणजे ‘इजेक्शन फ्रॅक्शन’. ते ४० टक्के वा कमी असलेला एक गट, ४१ ते ४९ चा दुसरा आणि ५० वा अधिक असलेला तिसरा. हा तिसरा गट फसवा ठरतो. आकुंचन ठीक दिसते, म्हणून हृदय ठणठणीत असल्याचा निष्कर्ष निघतो. पण भिंती ताठर झालेल्या असतात. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि स्थूलपणा असलेल्या वयस्क स्त्रिया यात बऱ्याच आढळतात.

या गटातही पोटभेद आहेत. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या डॉ. संजीव शाह व सहकाऱ्यांनी २०१५ साली अशा ३९७ रुग्णांची माहिती संगणकीय पद्धतीने तपासली, तेव्हा तीन समूह पुढे आले : तुलनेने तरुण व सौम्य आजाराचे, स्थूल, मधुमेही आणि झोपेत श्वास अडखळणारे, आणि मूत्रपिंडे दुबळी झालेले, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आलेले वृद्ध. पुन्हा इस्पितळात दाखल होण्याचा व मृत्यूचा धोका तिसऱ्या समूहात सर्वाधिक होता.

भारतीय चित्र थोडे वेगळे आहे. केरळमधील त्रिवेंद्रम नोंदणीत २०१३ साली १८ इस्पितळांतील १,२०५ रुग्ण नोंदले गेले. सरासरी वय सुमारे ६१, म्हणजे पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा बरेच कमी. सुमारे ७२ टक्के रुग्णांत मूळ कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळ्यांचे होते, आणि वर्षभरात जवळजवळ एक तृतीयांश दगावले. बालपणीच्या संधिवाती तापाने झडपा बिघडलेले तरुण रुग्णही आपल्याकडे आहेत. परदेशी गटवारीत त्यांना फारसे स्थान नाही.

नजीकच्या काळात एकदा दाखल झालेला रुग्ण पुन्हा दाखल होण्याची शक्यता मोठी असते. घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक. सूज पूर्ण न उतरता घरी पाठवणे, घसरलेला रक्तदाब, वाढलेले क्रिएटिनिन आणि अनियमित औषधे हा धोका वाढवतात. २०२२ च्या ‘स्ट्राँग-एचएफ’ चाचणीत औषधांच्या मात्रा लवकर वाढवून वारंवार तपासणी केलेल्या रुग्णांपैकी १५.२ टक्के १८० दिवसांत दगावले वा पुन्हा दाखल झाले. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण २३.३ टक्के होते.

पेडण्याच्या रुग्णाला प्रत्येक वेळी बांबोळीच्या गोमेकॉत जाणे सोपे नाही. नव्या तुये इस्पितळाचा प्रश्न तालुक्यात इतकी वर्षे गाजतो तो उगाच नव्हे. तरीही वजन, रक्तदाब, क्रिएटिनिन व पोटॅशियम पाहण्यास सुपरस्पेशालिटी लागत नाही. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वजन वाढले, तर दम लागण्याची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. पावसाळ्यात ताटात येणारी सुकी मासळी, लोणचे आणि पापड यांतील मीठही या हिशेबात धरावे लागते.