कुट्टकाची वल्ली आणि पाठशोधन

गणिताच्या पोथींत अंकांची उभी ओळ दिसली म्हणजे तें नकलकाराचें टांचण समजून सोडून देण्याचा मोह होतो. परंतु ती कुट्टकाची वल्ली असूं शकते. आणि तशी असल्यास शुद्ध पाठाची साक्ष तीच देते.

कुट्टक आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास सूत्ररूपानें सांगितला. भास्कराचार्यांच्या लीलावतींतील (शके १०७२) उदाहरण असें : २२१ ला कशानें गुणून ६५ मिळविले असतां १९५ नें निःशेष भाग जाईल? १३ नें अपवर्तन करितां भाज्य १७, हार १५, क्षेप ५. परस्पर भागाकाराच्या लब्धि १ व ७, त्यांखालीं क्षेप ५, शेवटीं शून्य, ही वल्ली. खालून वर येतां ७ × ५ + ० = ३५ आणि १ × ३५ + ५ = ४०. हे अनुक्रमें १५ व १७ नीं तष्टिले असतां गुण ५, लब्धि ६.

क्षेप १ धरिल्यास गुण ७ येतो, हाच स्थिरकुट्टक. तो हारांतून वजा करितां ८ उरतात, आणि १७ × ८ = १३६ यांस १५ नें भागतां शेष १. म्हणजे या शेषगणितांत १७ नें भागणें म्हणजे ८ नें गुणणें होय. अपूर्णांकाचें प्रयोजनच उरत नाहीं.

आतां नकलेंत ७ च्या जागीं १ पडला असें समजा. गुण ५ च राहतो, पण लब्धि १० होते. १७ × ५ + ५ = ९०, तर १५ × १० = १५०; लेखनदोष तत्काळ उघड होतो. शब्दाच्या पाठभेदांत मतभेदास जागा असते. येथें गणितच निर्णय देतें. म्हणून संग्राहकांनीं असें पान निरर्थक म्हणून टाकूं नये.