राजप्रशस्ति

देवगिरीच्या यादव घराण्याची संस्कृत पद्यमय वंशावळ. कर्ता हेमाद्री (हेमाडपंत); महादेव (कार. १२६१–७१) व रामचंद्र (कार. १२७१–१३११) या यादव राजांचा श्रीकरणाधिप (राजदफ्तराचा प्रमुख). त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या धर्मशास्त्रग्रंथातील व्रतखंडाच्या आरंभी ही रचना येते. हस्तलिखितांत तिचे दोन पाठ आढळतात. रा. गो. भांडारकरांनी ते आपल्या दख्खनच्या इतिहासाला जोडून छापले.

वंशाचा आरंभ चंद्रापासून होतो. ययातिपुत्र यदूच्या कुळातील यादव मथुरेहून द्वारकेला गेले. पुढे सार्वभौम सुबाहूने चार पुत्रांत राज्य वाटले आणि दक्षिण दृढप्रहाराकडे आली. त्याचा पुत्र सेउणचंद्र याच्यावरून सेउणदेश हे नाव पडले. सुबाहूपर्यंतच्या पूर्वपीठिकेला पुराणकथेचाच आधार आहे. दृढप्रहारापासूनचा क्रम मात्र ताम्रपटांशी ताडून पाहता येतो. दृढप्रहाराची राजधानी राजप्रशस्तीत श्रीनगर, तर शके ९९१ च्या ताम्रपटात चंद्रादित्यपूर आहे.

अशी पौराणिक वंशावळ इतरत्रही आढळते. त्रिपुराच्या माणिक्य राजांची बंगाली पद्यबखर ‘राजमाला’ त्यांचे कूळ ययातीच्याच दुसऱ्या पुत्राशी, द्रुह्यूशी जोडते. नव्या राजघराण्यांना पुराणातील पूर्वज लाभले की त्यांच्या सत्तेला प्रतिष्ठा येई.

देवगिरीच्या यादवांच्या राज्यात वऱ्हाडही होते. बार्शीटाकळी (जि. अकोला) येथील मंदिर हेमाद्रीच्या नावावरून रूढ झालेल्या हेमाडपंती शैलीचे मानतात. कृष्णपत्नी रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडिण्यपूर अमरावती जिल्ह्यात आहे. यादवांनी सांगितलेल्या कृष्णकुळाशी वऱ्हाडचे नाते रुक्मिणीच्या कथेतून जुळते. रामचंद्राच्या काळातच महानुभाव कवी नरेंद्राने मराठीत ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले.