उत्क्रांती की निर्मिती? मूळ ग्रंथ काय सांगतात

सजीवसृष्टी उत्क्रांत झाली की ईश्वराने निर्माण केली, हा वाद पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, दीड शतकाहून अधिक काळ सुरू आहे. चार्ल्स डार्विन यांचा 'ओरिजिन ऑफ स्पीसीज' आणि बायबलमधील 'उत्पत्ती' हे पहिले पुस्तक, हे या वादाचे दोन आधारग्रंथ होत. मात्र त्यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या अनेक गोष्टी मूळ संहितेत आढळत नाहीत.

डार्विन यांचा ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी लंडन येथे प्रसिद्ध झाला. 'माणूस माकडापासून झाला' असे विधान त्यात नाही. मानवाच्या उगमाचा त्यात ओझरता उल्लेख असून, सविस्तर विवेचन 'डिसेंट ऑफ मॅन' (१८७१) या ग्रंथात आहे. तेथेही, आजचे कोणतेही वानर हे मानवाचे पूर्वज समजू नयेत, असे डार्विन यांनी बजावले आहे. 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हा शब्दप्रयोग मूळचा हर्बर्ट स्पेन्सर यांचा (१८६४). डार्विन यांच्या ग्रंथात तो १८६९च्या पाचव्या आवृत्तीत आला. १८६०च्या दुसऱ्या आवृत्तीत तर अखेरच्या वाक्यात 'निर्मात्या'चा उल्लेख घालण्यात आला होता.

'उत्पत्ती'बाबतही असेच घडले आहे. निषिद्ध फळ सफरचंद होते, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. इसवी सनपूर्व ४००४ हे निर्मितीचे वर्ष आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५०मध्ये गणिताने काढले. पुढे ते बायबलच्या समासात छापले जाऊ लागले. शिवाय निर्मितीच्या कथा दोन आहेत. पहिल्या अध्यायात आधी प्राणी व नंतर स्त्री-पुरुष निर्माण होतात. दुसऱ्यात आधी पुरुष, मग प्राणी आणि शेवटी स्त्री, असा क्रम आहे.

या अपुऱ्या परिचयाचे परिणाम शाळेपर्यंत पोहोचतात. पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथील शाळा मंडळाने २००४मध्ये 'इंटेलिजंट डिझाइन' ही कल्पना जीवशास्त्राच्या वर्गात आणली. पालक न्यायालयात गेले. ही कल्पना विज्ञान नव्हे, असा निर्णय न्यायाधीश जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ रोजी दिला. ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्या बहुतेक सदस्यांना ती कल्पना नेमकी काय आहे हेच ठाऊक नव्हते, असेही निकालपत्रात नमूद आहे.

'प्यू' या संशोधन संस्थेने २०१०मध्ये अमेरिकनांच्या धर्मविषयक ज्ञानाची पाहणी केली. ३२ प्रश्नांपैकी सरासरी १६ उत्तरे बरोबर आली. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांत नास्तिक व अज्ञेयवादी आघाडीवर होते. श्रद्धा असणे आणि तिचा आधारग्रंथ माहीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच त्यातून दिसले.