राकेश शर्मा, मारिओ आणि माझं चुकलेलं प्रकरण

नेट-सेट झालेली आणि आता पेटची तयारी करणारी बरीच मंडळी 'मौखिक इतिहास घ्यावा का?' असं विचारतात. उत्तर देण्याआधी माझी फजिती ऐका.

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य असं होतं : राकेश शर्मा अवकाशात होते तेव्हा सांगलीच्या गावभागातल्या एका घरात मुलं मारिओ खेळत होती. वाक्य मला भयंकर आवडलं होतं. सरांनी त्याच्याखाली पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं, बाकी काही बोलले नाहीत, चहा मागवला.

त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर शोधायला मला पाच मिनिटं लागली. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ ला सोयुझ टी-११ मधून गेले आणि ११ एप्रिलला परत आले. 'सुपर मारिओ ब्रदर्स' जपानमध्ये बाजारात आला सप्टेंबर १९८५ मध्ये. म्हणजे जो गेम जगात कुठंच नव्हता, तो मी सांगलीत सव्वा वर्षापेक्षा जास्त आधी सुरू करून ठेवला होता! आणि त्या वाक्यावर पुढची बावीस पानं उभी होती.

माझा विषय थोडक्यात सांगते. सातारा-सांगलीकडच्या घरांमध्ये अवकाशाच्या बातम्या आणि टीव्हीवरचे गेम कसे पोचले, आणि लोकांच्या डोक्यात ते एकमेकांत कसे मिसळले. विषय ऐकून पहिल्यांदा सगळे हसतात. पण या दोन गोष्टींचं नातं मी ओढूनताणून आणलेलं नाही. संगणकावरच्या सुरुवातीच्या गेमपैकी एक, 'स्पेसवॉर', अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६२ साली तयार झाला. स्पुटनिकला तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला आणि त्याच वर्षी जिम स्टोरर नावाच्या शाळकरी मुलानं चंद्रावर यान उतरवायचा गेम लिहिला. पडद्यावर चित्र नाही, नुसते आकडे. इंधन किती, वेग किती, उंची किती. १९७८ ला 'स्पेस इन्व्हेडर्स' आला. १९७९ ला 'ॲस्टेरॉइड्स', 'लूनार लँडर' आणि 'गॅलॅक्सियन' आले.

आता १९७९ म्हटल्यावर आपल्याकडच्या साठी ओलांडलेल्या माणसांना गेम आठवत नाही, स्कायलॅब आठवते. अमेरिकेची ही सुमारे ७७ टनांची प्रयोगशाळा ११ जुलै १९७९ ला कोसळली. तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले, पण ते नंतर कळलं. त्याआधीचे दिवस 'आपल्यावर पडली तर?' यात गेले. म्हणजे एकाच वर्षी तिकडची मुलं नाणं टाकून आकाशातून येणाऱ्या वस्तूंवर गोळ्या झाडत होती आणि इकडची माणसं पत्र्याखाली झोपावं की अंगणात याची चर्चा करत होती.

इथं माझ्या प्रबंधाचा खरा मुद्दा येतो : उशीर. अवकाशाची बातमी आपल्याकडं त्याच दिवशी यायची. आकाशवाणी होती, दुसऱ्या दिवशी पेपर. वाचनातही आपण मागं नव्हतो. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावानं विज्ञानकथा पाठवली ती १९७४ साली. पण त्याच अवकाशवेडातून जन्मलेला गेम मात्र इथल्या घरात यायला दहा-पंधरा वर्षं लागली. आयातीवरची बंधनं, किंमत, आणि मुळात घरात टीव्ही असणं, ही सगळी कारणं त्यामागं आहेत.

आणि आला तोही नक्कल होऊन. 'मीडिया', 'लिटल मास्टर' वगैरे नावांनी जी यंत्रं विकली जायची, ती निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यात कॅसेट घालायची. 'कार्ट्रिज' हा शब्द मला एकाही मुलाखतीत ऐकायला मिळालेला नाही. सगळे कॅसेटच म्हणतात. कॅसेटवर ९९९९९९ गेम असं छापलेलं, आत निघायचे वीस-पंचवीस, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावानं. त्यातला एक हमखास 'गॅलॅक्सियन'. म्हणजे स्कायलॅबच्या वर्षी जन्मलेला गेम आपल्याकडच्या मुलांनी नव्वदच्या दशकात, नवा कोरा म्हणून खेळला. १९९० मध्ये निन्टेंडोनं जपानमध्ये पुढचं, १६ बिटचं यंत्र विकायला काढलं होतं, हे इथं कोणाच्या गावीही नव्हतं. त्यामुळं 'रेट्रो' हा शब्द आपल्याकडं जपूनच वापरायला हवा. आपल्याला ते मिळालं तेव्हाच जुनं होतं, आणि आपल्यासाठी ते कधीच जुनं नव्हतं. आज चाळिशीतला माणूस मोबाइलवर तोच गेम उतरवून खेळतो, त्याला नुसतं स्मरणरंजन म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

साताऱ्यातल्या एका ताईंनी मला याची दुसरी बाजू दाखवली. 'गेमच्या दुकानात पोरांची झुंबड असायची, आम्हाला कोण जाऊ देणार? घरी मशिन आलं तेव्हा दादा क्रिकेटला गेला की माझा नंबर.' घरातलं यंत्र मुलींसाठी काय होतं, हा प्रश्न माझ्या सिनॉप्सिसमध्ये नव्हताच. आता त्यावर अर्धं प्रकरण आहे.

पण पुन्हा त्या चुकीकडं येते. आठवण सांगणारे काका पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे. माणूस अत्यंत चोख. वायरचे रंगसुद्धा आठवतात. मग चूक झाली कशी? आधी मला वाटलं, ही मुलाखत टाकून द्यावी. सरांनी त्याऐवजी अलेस्सांद्रो पोर्तेल्ली वाचायला दिला. इटलीतल्या तेर्नी गावात लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार मार्च १९४९ मध्ये पोलिसांच्या हातून मारला गेला, पण गावातले कितीतरी जण त्याचा मृत्यू १९५३ सालच्या कामगारकपातीच्या आंदोलनात झाला असं सांगत. पोर्तेल्लीनं त्यांना खोटं ठरवून पान उलटलं नाही. चूक याच दिशेनं का झाली, हे त्यानं शोधलं.

म्हणून मी गावभागात परत गेले. या वेळी 'कधी' हा शब्दच वापरला नाही. यंत्र जोडायचे कसे, एवढंच विचारलं. काका रंगात आले. 'अँटेनाची वायर काढायची आणि गेमची खोचायची, एकच भोक ना! सात वाजले की बातम्या. वडील म्हणायचे, काढ ते. मग परत अँटेना.' एकाच भोकातून आलटून पालटून बातमी आणि गेम. हे मी कुठल्याही कागदपत्रात वाचलेलं नव्हतं.

मग विचारलं, राकेश शर्मांना पाहिलं तो टीव्ही कसा होता? काका थांबले. 'रंगीत. म्हणजे... आमचा रंगीत तर फार नंतर आला.' बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'ऐकलं असणार रेडिओवर. पाहिलं ते नंतर.' माझा अंदाज असा, की इंदिराबाईंशी झालेला तो संवाद टीव्हीवर नंतर कितीदा तरी दाखवला गेला, आणि त्यातलं एखादं दाखवणं गेम थांबवून पाहिलेलं असणार. काकांनी पाहिलं हे खरं, मारिओ थांबला होता हेही खरं असेल. फक्त तो १९८४ चा एप्रिल नव्हता.

हा अंदाज ताडून बघायला काकांच्या दुरुस्तीच्या वह्या मिळाल्या असत्या तर सोनं झालं असतं. कोणाचा टीव्ही, काय बिघाड, तारीख, सगळं लिहिलेलं असायचं. गेमचा अडॅप्टर पहिल्यांदा कधी दुरुस्तीला आला, तेही त्यात सापडलं असतं. त्या वह्या ऑगस्ट २०१९ च्या पुरात गेल्या. कृष्णेचं पाणी दुकानात किती चढलं ते काकांनी भिंतीवर हात ठेवून दाखवलं. हात त्यांच्या डोक्याच्या वर होता.

माळ्यावर होती म्हणून एक कॅसेट तेवढी वाचली. तिचा पुरावा म्हणून उपयोग होतो, पण मर्यादित. तिच्यात 'कॉन्ट्रा' आहे, आणि फॅमिकॉमवरचा 'कॉन्ट्रा' १९८८ चा, म्हणजे कॅसेट त्याआधीची असूच शकत नाही. त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेली असू शकते. नकला करणाऱ्यांनी गेमच्या पहिल्या पडद्यावरचं कंपनीचं नाव आणि साल बरेचदा पुसून टाकलेलं असतं, त्यामुळं तिथूनही मदत नाही. हायस्कोअर तर लाइट गेली की जायचा.

काकांना चूक सांगावी की नाही, यावर मी दोन आठवडे काढले. नातवंडांना ते हीच गोष्ट सांगतात. शेवटी प्रकरणाचं प्रिंटआउट घेऊन गेले आणि वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, म्हणाले, 'मग मी सांगत होतो ते चूकच की गं.' मी म्हटलं, काका, बावीस पानं माझीपण चुकली. ते हसले नाहीत. कॅसेट हातात घेतली, सवयीनं एक फुंकर मारली आणि मला दिली. 'तुझ्याकडं ठेव. इथं पाणी परत येणार.'

कॅसेट आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. प्रकरण दोन ओळींच्या तळटीपेनं सुरू होतं, आणि सरांनी अजून सही केलेली नाही.