परकोटाच्या आत

बाहेरगावचे नातेवाईक हमखास विचारतात, "तुमच्या चंद्रपूरचा किल्ला कुठे आहे हो?" अहो, जटपुरा दरवाजातून आत शिरलात तेव्हाच किल्ल्यात आलात! आमचं जुनं गाव सगळं परकोटाच्या आतच आहे.

सशाने कुत्र्याचा पाठलाग केला ती जागा पाहून गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने पंधराव्या शतकात इथे नगर वसवायला घेतलं, अशी आख्यायिका. (ससा-कुत्र्याची ही गोष्ट आणखी किती गावांनी सांगावी!) तट मात्र खरा, सुमारे अकरा किलोमीटरचा. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या. त्यातली एक चोर खिडकी, एक मसण खिडकी. दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे, ती गोंड राजांची खूण. 1818 मध्ये इंग्रजांनी तोफा लावून हे शहर घेतलं.

आता तट संरक्षित स्मारक आहे. 2010 च्या कायद्याने त्यापासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढच्या दोनशे मीटरला परवानगी हवी. जुन्या घराची दुरुस्तीसुद्धा विचारल्याशिवाय करता येत नाही. पावसाळ्यात भिंत फुगली की माणूस कागद गोळा करत बसतो. पोरं म्हणतात, घर विका नि बाहेर फ्लॅट घ्या. त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. पण कायदा नसता तर तटाचे दगड कधीच कुणाच्या जोत्यात गेले असते.

2017 पासून इको-प्रोच्या पोरांनी तटावरची झुडपं तोडून बुरूज मोकळे केले. तेव्हा कित्येकांना घरामागे बुरूज आहे हे नव्याने कळलं.